न मिटणारा चिमटा

पुण्याच्या जुन्या बाजारात गेलं की माझा पाय लोखंडाच्या ढिगापाशी अडकतोच. तिथंच हा मिळाला. दीड फुटाहून लांब, पकडीसारखा, हाताला जड. तोंड मात्र आखूड अन् बोथट. दांडे पुरते दाबले तरी जबडे एकमेकांना टेकत नव्हते, बारीक फट राहायचीच. एका जबड्याच्या दोन्ही टोकांना छोटी बोंडं. विकणारा म्हणाला, "पत्रा कापायचाय." मोडका समजून मी घेतला.

गावी आप्पांपुढं ठेवला. माझे चुलते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी एका दांड्याला असलेला लोखंडी टेका गुडघ्यावर ठेवला अन् मान हलवली.

"अरं, ह्यो ढोरडॉक्टरचा चिमटा. खोंडं खच्ची करायचा."

आंडील खोंड औताला जुमानत नाही, म्हणून हे करावंच लागे. पूर्वी बडवणारा यायचा. खोंड लोळवायचा, चारी पाय करकचून बांधायचे अन् अंडाच्या शिरा दांडक्यात धरून ठेचायच्या. 'बैल बडवणे' हा शब्द तिथनंच आला. ते हंबरणं ज्यानं ऐकलंय त्याला जास्त सांगायला नको.

विसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलिओने बुर्डिझो नावाच्या इटलीतल्या पशुवैद्यानं हा चिमटा काढला. त्याच्याच नावानं तो ओळखला जातो. ती फट म्हणजे खोट नव्हे, सगळी करामत तिच्यातच आहे. आतली शीर चेंगरते, वरचं कातडं शाबूत राहतं. जखम नाही, म्हणून माशी बसत नाही, किडे पडत नाहीत. बोंडं शीर निसटू देत नाहीत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या दाबायच्या, अन् एका रेषेत नाही. नाहीतर कातड्याचं रक्त तुटतं. महिना-दीड महिन्यात अंड सुकून जातं. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा झाला, त्यातही खच्चीकरणाला मुभा राहिली, पण ठरवून दिलेल्या रीतीनंच.

आप्पांनी सुतळीचा तुकडा कागदाच्या घडीत ठेवला. "दाब." मी दाबला. कागद जसाच्या तसा, आत सुतळी तुटलेली. डॉक्टर चावडीपुढं असंच करून दाखवायचे म्हणे.

मग मी सोन्याचा विषय काढला. मी सहा-सात वर्षांचा असेन. सोन्याला दवाखान्यात नेऊन आणला होता, अन् नंतर त्याचं मागचं अंग सुजलं, वैरण सुटली. पुढं तो औताला कधी धड चाललाच नाही. डॉक्टरनं खोंड बिघडवला, असंच घरात बोलत. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो.

आप्पा बराच वेळ चिमटा उघडझाप करत राहिले.

"डॉक्टरनं न्हाई बिघडवला. रगत न्हाई, जखम न्हाई, मग झालं काय, म्हणून तुझ्या आज्याला पटंना. चवथ्या दिवशी बडवणारा बोलावला. रातीचा. मी कंदील धरला हुता."