खुळखुळणारं पिस्तूल आणि पन्नास यार्ड

अमेरिकन लष्कराचं जुनं .४५ चं पिस्तूल हातात घेऊन हलवलं तर ते खुळखुळतं. हा दोष नव्हे बरं का, ते तसंच बनवलेलं आहे. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं, म्हणून नाव एम-१९११. आधीच्या चाचणीत त्यातून ६००० गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही! चिखल गेला, वाळू गेली तरी चाललं पाहिजे म्हणून भागांमध्ये थोडी फट ठेवलेली. शिवाय एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसायला हवेत. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं सर्वात जास्त कोणी बनवली माहितीये? रेमिंग्टन रँडने, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी. शिलाई मशीनवाल्या सिंगरनेही ५०० बनवून दिली होती. सिंगरच्या फ्रेमवर रेमिंग्टनची स्लाइड चढवा, चालणार. आमच्या धंद्यात याला 'लूजली कपल्ड' म्हणतात आणि त्याबद्दल पाठ थोपटून घेतात.

पण हेच पिस्तूल घेऊन नेमबाजीच्या स्पर्धेत उतरायचं म्हटलं की गणित उलटं होतं.

अमेरिकेत 'बुल्सआय' नावाचा खेळ आहे. .२२, सेंटरफायर आणि .४५ अशा तीन फेऱ्या, प्रत्येकी ९० गोळ्या, एकूण २७०० गुण. सगळं एका हाताने, उभं राहून. त्यातल्या सावकाश झाडायच्या गोळ्या ५० यार्डांवरून, म्हणजे जवळजवळ ४६ मीटरवरून. (आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनला वर्ल्डकपचं सुवर्ण घेतलं ते २५ मीटरवर, त्यावरून अंदाज घ्या.) तिथे दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं, साधारण साडेआठ सेंटिमीटर. खुळखुळणाऱ्या पिस्तुलात नळी दर गोळीला वेगळ्या जागी येऊन बसते. मग नेम कितीही धरा, काय उपयोग?

इथे कानस घेतलेली माणसं येतात. ही मंडळी काय करायची, तर फ्रेमच्या दोन्ही कडांवरचे रूळ हातोडीने हलकेच ठोकून पसरवायचे. स्लाइड वाइसमध्ये धरून किंचित आवळायची. आता ती फ्रेमवर चढतच नाही! मग मधे घासायची पेस्ट लावून पुढे-मागे, पुढे-मागे, तासन्‌तास, आपोआप सरकेपर्यंत. नळीच्या मागच्या टोकावर वेल्डिंगने धातू चढवायचा आणि पुन्हा कानशीने उतरवायचा. पुढची बुशिंग त्याच एका नळीच्या मापाची. इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये ज्यांनी मेल-फीमेल फिटिंगचा जॉब घासलाय त्यांना हाताला आलेले फोड आठवतील. फरक इतकाच, की आपला जॉब बसला नाही तर सबमिशन जातं. इथे जास्त घासलं गेलं तर कोल्टची फ्रेम जाते आणि कमी घासलं तर पिस्तूल ऐन स्पर्धेत अडकतं.

लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टजवळचा जिम क्लार्क यातला मोठा माणूस. स्वतः नेमबाज, १९५८ चा अमेरिकेचा राष्ट्रीय पिस्तूल विजेता. म्हणजे आपणच बनवायचं आणि आपणच वापरून बघायचं. (टेस्टिंग टीमवर ढकलायची सोय नाही.) त्याचं गाजलेलं काम म्हणजे कोल्टचं .३८ सुपर घेऊन ते .३८ स्पेशलच्या वॉडकटर काडतुसावर चालवणं. वॉडकटरची गोळी सपाट तोंडाची, कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते, धक्काही कमी. पण हे काडतूस मुळात रिव्हॉल्व्हरचं, मागे कडा असलेलं. ऑटोमॅटिकच्या मॅगझिनमधून ते सुरळीत वर यावं यासाठी सगळंच बदलावं लागतं. १९६१ च्या सुमारास कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन दोघांनीही वॉडकटरवर चालणारी पिस्तुलं बाजारात आणली. कंपन्या कारागिराच्या मागून आल्या, हे मला भारी आवडतं.

१९७४ मध्ये हर्शेल अँडरसनने २७०० पैकी २६८० गुण केले. २७० गोळ्यांत गेले फक्त वीस. पुढे लाल ठिपक्याच्या साइट्स आल्या, सीएनसी मशीन आली आणि हातोडीने रूळ ठोकायची गरज कमी होत गेली.

मग ती जुनी पिस्तुलं गेली संग्राहकांकडे. आणि इथे गंमत आहे. कोल्टचा शुद्धतावादी संग्राहक त्यांना 'बिघडवलेली' मानतो. भोकं पाडलीत, वेल्डिंग केलंय, मूळचा निळसर रंग गेलाय! कोणी हात न लावलेल्या सिंगरसाठी मात्र तो वाट्टेल ती किंमत मोजेल. दुसरा पंथ नेमका त्या 'बिघडवण्या'साठीच पैसे मोजतो. कोणी बनवलं, त्याचं नाव कुठे कोरलंय, सोबत टेस्टचा टार्गेट कागद आहे का, हे बघतो.

खरी अडचण त्याच्यापुढे आहे. त्या पिस्तुलाची किंमत आहे त्याच्या फिटिंगमध्ये. ते फिटिंग कळतं गोळी झाडल्यावरच, आणि दर गोळीला ते कणभर झिजतं. बनवणाऱ्यांपैकी बरेचसे आता हयात नाहीत, मग पुन्हा आवळून देणार कोण? काही जण म्हणून कपाटात ठेवतात. मला ते पटत नाही. कपाटात ठेवायचं तर सिंगर ठेवा की! ज्याने इतके दिवस घासून ती नळी बसवली, त्याचं काम बंद कपाटात दिसणार कसं?

झाडणारे मात्र सांभाळून झाडतात. ही पिस्तुलं लष्करी काडतुसासाठी नव्हेत, २०० किंवा १८५ ग्रेनच्या हलक्या गोळीसाठी जुळवलेली असायची, आणि त्यासाठी आत स्प्रिंगही मऊ. त्यात लष्कराची २३० ग्रेनची पूर्ण ताकदीची काडतुसं भरली की स्लाइड मागे जाऊन फ्रेमवर आदळते. म्हणून जाणकार माणूस जुनं पिस्तूल घरी आणल्यावर पहिल्यांदा ते उघडून आतली स्प्रिंग बघतो, काडतुसं नंतर.