इंग्रजी भविष्यकाळ, संकेतार्थ आणि परिभाषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इंग्रजीच्या तासाला 'शॅल' व 'विल' यांचा नियम आणि 'इफ'च्या वाक्यांचे तीन-चार प्रकार आपण विद्यार्थ्यांकडून घोटून घेतो. हे नियम भाषेइतकेच जुने असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा असून हैदराबादच्या शिक्षणपरंपरेशी असलेला त्याचा संबंधही स्पष्ट करावयाचा आहे.

जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले, ते प्रामुख्याने परकीयांसाठी. प्रथम पुरुषी 'शॅल'ने केवळ भविष्य आणि 'विल'ने वचन वा धमकी, तर इतर पुरुषी याच्या उलट, हा नियम त्यांनी मांडला. पुढे लिंडले मरे यांच्या 1795 च्या व्याकरणासारख्या पाठ्यपुस्तकांतून असे नियम दूरवर पोहोचले. मात्र 1925 मध्ये चार्ल्स फ्राइज यांनी इंग्रजी व अमेरिकन नाटकांतील संवाद तपासले, तेव्हा प्रत्यक्ष बोलण्यात हा नियम पाळला जात नसल्याचे दिसून आले. संकेतार्थी वाक्यांना 'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' असे क्रमांक देण्याची पद्धत तर विसाव्या शतकातील, परभाषी विद्यार्थ्यांसाठी केलेली अध्यापनाची सोय होय.

ही सोय आपल्या वर्गात अपुरी का पडते, याचे उत्तर घरच्या भाषेत सापडते. मराठीत आपण 'पाऊस पडला तर घरी थांबू' असे म्हणतो; अटीत भूतकाळाचे रूप येते. उर्दूत 'अगर बारिश होगी तो हम घर पर रहेंगे' असे भविष्यकाळी रूपही सहज चालते. इंग्रजीत मात्र अशा अटीत सामान्यतः वर्तमानकाळ हवा : 'इफ इट रेन्स'. त्यामुळे मराठीभाषी विद्यार्थी 'इफ इट रेन्ड' आणि उर्दूभाषी विद्यार्थी 'इफ इट विल रेन' लिहितो, तेव्हा दोघांच्या चुकीमागे आपापल्या भाषेचे व्याकरण उभे असते. ती निष्काळजीपणाची चूक समजून केवळ लाल शाईने खोडल्यास सुधारणा होत नाही.

तंत्रविषयक शब्दसंग्रहाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. हैदराबादेत 1918 मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी हा विषय मात्र अनिवार्य राहिला. त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या अनुवाद विभागाने, म्हणजे दारुल तर्जुमाने, विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकीचे ग्रंथ उर्दूत आणले. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा घडविण्यावरील 'वज़ए इस्तिलाहात' हा ग्रंथ 1921 मध्ये निघाला. 1948 नंतर माध्यम इंग्रजी झाले आणि परिश्रमाने घडविलेली ही परिभाषा वर्गाबाहेर पडली. ज्या घरांत विज्ञानाची भाषा उर्दू होती, तेथील पुढच्या पिढीला संकल्पना आणि इंग्रजी या दोन्हींचा भार एकाच वेळी उचलावा लागला.

याच शहरात 1958 मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. त्या काळी वाक्यरचना सोप्याकडून कठीणाकडे लावून त्यांची पुनरावृत्ती करून घेण्याच्या पद्धतीवर भर होता. उलट 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत नकाशे, वेळापत्रके यांवर आधारलेली कृती देऊन, व्याकरण थेट न शिकविता भाषा आत्मसात होते का, हे पाहिले.

या दोन्ही परंपरांतून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. यंत्राची सूचना ही मुळातच संकेतार्थी असते : हे बटण दाबल्यास पंप बंद होईल, तार सुटलेली असल्यास दिवा लागणार नाही. प्रयोगशाळेतील अशा सूचना विद्यार्थ्याने प्रथम घरच्या भाषेत सांगाव्या, मग इंग्रजीत लिहाव्या आणि तिन्ही भाषांतील क्रियापदाची रूपे शेजारी मांडावी. असे केल्यास शब्द, काळ आणि अट एकाच वेळी पक्की होतात. व्याकरणाचा नियम केव्हा व कोणासाठी तयार झाला हे ज्या शिक्षकाला माहीत आहे, तो नियमापेक्षा विद्यार्थ्याकडे अधिक लक्ष देईल, असे म्हणावयास हरकत नाही.