श्रावणमासची दक्षिणा आणि विद्येची परीक्षा

पुणें येथील पेशव्यांची श्रावणमासची दक्षिणा म्हणजे ब्राह्मणांच्या गर्दीचा व द्रव्यवांटपाचा एक अवाढव्य समारंभ, असा समज सामान्यतः रूढ आहे. इंग्रज लेखकांनीं तो लिहून ठेविला आणि पुढें आपल्यांतील सुधारकांनीं व सनातन्यांनींही, निरनिराळ्या हेतूंनीं कां होईना, तोच उचलला. या समजांत तथ्य नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या गर्दीच्या आड दुसरें एक काम चालत असे, व तें विद्येची परीक्षा घेण्याचें होय.

विद्यार्थ्यास काय आलें म्हणजे तो शिकला असें म्हणावें, आणि तें आलें हें कोणीं व कसें ठरवावें, हा प्रश्न हल्लीं विद्यापीठांतून 'अध्ययन-निष्पत्ति' या नांवाखालीं तक्ते भरून सोडविला जातो. मध्यंतरीं एका महाविद्यालयानें संस्कृत विभागाचा असाच एक तक्ता पाहून देण्याविषयीं आम्हांस विनंति केली. 'विद्यार्थी ग्रंथाचें आकलन करील' हें वाक्य त्यांत पानोपानीं होतें. आकलन झालें हें कशावरून जाणावें, याच्या रकान्यांत मात्र सर्वत्र 'लेखी परीक्षा' एवढेच दोन शब्द होते. तो तक्ता वाचतांना आम्हांस रमण्याची आठवण झाली, व त्यांतूनच हें टिपण निघालें.

दक्षिणेची प्रथा मूळची तळेगांवकर दाभाड्यांची. खंडेराव दाभाड्यांच्या नांवाशीं तिचा आरंभ जोडला जातो. दाभाड्यांचें बळ ओसरल्यावर पेशव्यांनीं ती पुण्यास आपल्या हातीं घेतली. पर्वतीच्या पायथ्याशीं जें आवार, तो रमणा. ब्राह्मणांस त्यांत घेऊन दरवाजानें एकेकास बाहेर सोडतां सोडतां हातावर दक्षिणा ठेवीत. ही सामान्य दक्षिणा. हिला परीक्षा नव्हती. वैदिकांची व शास्त्र्यांची गोष्ट निराळी. त्यांस विद्वानांच्या मंडळापुढें बसावें लागे, आणि जशी योग्यता ठरे तशी रक्कम मिळे. रामशास्त्री प्रभुणे यांजकडे या कामाची देखरेख होती, हें प्रसिद्धच आहे.

आतां या परीक्षेंत पाहात काय असत? वैदिकांच्या बाबतींत उत्तर अगदीं स्पष्ट आहे, कारण त्यांच्या विद्येचें माप त्यांच्या पदवींतच सांगितलेलें असतें. संहिता, पद, क्रम, जटा, घन ही पाठाची चढती श्रेणी. घनपाठी म्हटलें म्हणजे तो मनुष्य काय म्हणून दाखवूं शकतो हें ऐकणारास तत्काळ कळतें. तसेंच दशग्रंथी म्हटलें म्हणजे संहिता, ब्राह्मण, आरण्यक व त्यांसह शिक्षा, कल्प, निघंटु, निरुक्त, छंद, ज्योतिष आणि अष्टाध्यायी. यांतील कोणताही ग्रंथ मध्येंच कोठूनही काढून विचारतां येतो. शिवाय जटा-घनांची रचनाच अशी आहे कीं, पदें उलटसुलट म्हणतांना संधि किंवा स्वर चुकला तर परीक्षकास शोधावा लागत नाहीं. चूक आपण होऊन उघडी पडते. आजच्या बी. ए. या दोन अक्षरांवरून त्या मनुष्यास नक्की काय येतें हें सांगण्याची आमची तयारी नाहीं. आणि आम्हीं तर तीं अक्षरें स्वतःच्या नांवापुढें पस्तीस वर्षें लाविलीं आहेत.

शास्त्र्यांची परीक्षा यापेक्षां कठीण, कारण तेथें पाठ म्हणून भागत नाहीं. पंक्ति लावणें, पूर्वपक्ष उभा करणें, समोरच्यानें घातलेली शंका झेलणें, यांत मनुष्य पारखला जातो. मिथिलेंत शलाकापरीक्षेची रीति सांगतात. पोथींत सळई खुपसावी, ती ज्या पत्रावर थांबेल त्या पत्रावरील विषय विद्यार्थ्यानें समजावून सांगावा. निवडक प्रकरणांवर भिस्त ठेवण्यास येथें जागाच नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस ही सळई रुचणार नाहीं हें खरें, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीनें तीसारखी निःपक्षपाती परीक्षक दुसरी नाहीं. परीक्षेची ही हौस फार जुनी. राजशेखरानें काव्यमीमांसेंत उज्जयिनीस कवींची व पाटलिपुत्रास शास्त्रकारांची परीक्षा होत असे अशी श्रुति नोंदविली आहे, आणि नालंदेस परदेशांतून येणाऱ्या दहांपैकीं सातआठ जण प्रश्नोत्तरांत हरून परत जात, असें ह्युएनत्संगानें लिहून ठेविलें आहे.

पण या पद्धतीचें एक वैगुण्य झांकून ठेवणें बरें नव्हे. परीक्षक समोर, परीक्षार्थी समोर, नांव-गांव-गोत्र सर्व ठाऊक. रामशास्त्र्यांची आख्यायिका सर्वांच्या ऐकिवांत आहे. त्यांचे बंधु दक्षिणेस आले, विद्या बेताचीच. नाना फडणिसांनीं वीस रुपये द्यावे असें सुचविलें, तेव्हां 'हे माझे बंधु म्हणून मी घरीं काय तें देईन, येथें इतरांप्रमाणें दोनच' असें म्हणून शास्त्रीबोवांनीं दोन रुपये दिले. ही गोष्ट परंपरेची आहे, तीस आम्ही कागदाचें मोल देत नाहीं. तथापि तिचा रोंख पाहण्यासारखा आहे. नानांनीं सहज सुचवावें आणि लोकांनीं शास्त्र्यांचें वागणें आश्चर्य म्हणून पिढ्यान्पिढ्या सांगावें, यावरून इतर परीक्षक काय करीत असतील याचा अंदाज होतो. आणखी मोठी गोष्ट अशी कीं, ब्राह्मणेतरांस रमण्याचें दारच बंद होतें. विद्या पारखणारांनीं ती कोणाची पारखावी हें आधींच ठरवून टाकिलें होतें. जोतीराव फुले यांनीं दक्षिणेवर जी टीका केली तिचें मर्म हेंच, व त्यास उत्तर नाहीं.

पेशवाई १८१८ त गेल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणा मोडली नाहीं. ती ५०,००० रुपयांवर आणिली आणि तिच्या आधारें ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडविली. ही केवळ विद्येची आवड, असें कांहीं चरित्रकार म्हणतात तें आम्हांस मान्य नाहीं. राज्य नुकतेंच हातीं आलेलें, पुण्यांतील ब्राह्मणवर्ग असंतुष्ट. त्यास हाताशीं धरण्याचा हा स्वस्त उपाय होता. मात्र द्रव्य परीक्षेशीं बांधावयाचें, व हळूहळू परीक्षेचे विषय पालटावयाचे, हें धोरण त्यानें प्रथमपासून मनांत धरिलें होतें. १८४९ त गोपाळ हरि देशमुख प्रभृतींनीं दक्षिणेचा कांहीं भाग मराठी ग्रंथांकडे लावावा म्हणून अर्ज केला, तेव्हां पुण्यांत केवढी खळबळ उडाली हें सांगावयास नकोच. १८५१ त पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. १८६४ पासून तेंच डेक्कन कॉलेज.

१८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें लंडनच्या धर्तीवर, म्हणजे शिकविण्यासाठीं नव्हे तर परीक्षा घेण्यासाठीं. येथें मापच बदललें. परीक्षार्थ्याचें नांव जाऊन क्रमांक आला, तोंडच्या उत्तराऐवजीं कागद आला. रामशास्त्र्यांचा बंधु आतां ओळखूं येणार नाहीं, हा लाभ थोडा नव्हे. परंतु क्रमांकास उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. उत्तर पाठ केलेलें कीं समजलेलें, हें कागद सांगत नाहीं. आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे.

१८६२ त जे पहिले चौघे पदवीधर झाले, रानडे, भांडारकर, वागळे व मोडक, त्यांपैकीं भांडारकरांचें उदाहरण येथें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. दक्षिणेच्या उरलेल्या द्रव्यांतून पुढें कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमूं लागले होते. तसे फेलो असतां भांडारकर पुण्यांतील जुन्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण व न्याय शिकले. कागदाच्या परीक्षेंतून उतरलेला मनुष्य रमण्याच्याच पैशावर तोंडच्या परीक्षेच्या लोकांपुढें बसला. त्यांची मार्गोपदेशिका हातीं घेऊन संस्कृत शिकलेल्या कित्येक पिढ्यांस हा व्यवहार ठाऊक नसतो.

दक्षिणेच्या कागदांचा आजवर मुख्यतः रकमांसाठीं उपयोग झाला आहे. आमची वाचकांस विनंति अशी कीं, आपल्या घराण्याच्या दप्तरांत दक्षिणेची यादी, शिफारसपत्र किंवा पावती आढळल्यास नांव व रक्कम यांवरच न थांबतां शेजारीं ग्रंथाचें नांव, शास्त्राचें नांव, 'घन', 'क्रम' असा एखादा शब्द, किंवा परीक्षा घेणाऱ्याची खूण आहे काय तें पाहावें. तसेंच एकाच मनुष्याचें नांव निरनिराळ्या सालीं आढळल्यास रक्कम वाढली कीं तीच राहिली, हेंही टिपावें. अशा दहापांच नोंदी जरी एकत्र आल्या, तरी कोणत्या विद्येस काय मोल दिलें जात असे याचा कोष्टकरूपानें विचार करतां येईल. नकला पाठविणारांनीं मूळ कागदावरील तिथि व शक जसाच्या तसा उतरून घ्यावा. इसवी सन घालण्याची घाई करूं नये.