औषधी शाम्पू
कोंडा, स्निग्धस्रावी त्वचाशोथ, सोरायसिस इ. डोक्याच्या त्वचेच्या विकारांवर वापरावयाचा औषधी द्रव्ययुक्त शाम्पू. ‘शाम्पू’ हा शब्द ‘चांपना’ (दाबणे, चोळणे) या हिंदी क्रियापदावरून इंग्रजीत गेला. केस धुणे हा त्याचा अर्थ नंतरचा. कोंडा हा विकार मात्र प्राचीन असून सुश्रुतसंहितेत ‘दारुणक’ या नावाने क्षुद्ररोगांत तशाच विकाराचे वर्णन आढळते. या शाम्पूंचा इतिहास हा बव्हंशी कोंड्याच्या कारणाविषयीच्या वादाचा इतिहास आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ लूई शार्ल मालासे यांना १८७४ मध्ये कोंड्याच्या खवल्यांत यीस्टसारखे कवक आढळले. पुढे त्यांच्याच नावावरून त्याच्या प्रजातीस ‘मालासेझिया’ हे नाव मिळाले. परंतु हे कवक निरोगी डोक्यावरही असते. शिवाय, बहुतेक जाती स्निग्ध पदार्थावाचून वाढत नसल्यामुळे नेहमीच्या संवर्धन-माध्यमात त्या वाढविता येत नसत. त्यामुळे कवक हेच कारण असल्याबद्दल संशय राहिला.

दरम्यान उपचार पुढे गेले. गंधक, सॅलिसिलिक अम्ल व दगडी कोळशाचे डांबर ही जुनी औषधे होत. त्यांत १९५० नंतर सिलिनियम सल्फाइडाची भर पडली व १९६१ मध्ये झिंक पायरिथिओनयुक्त शाम्पू अमेरिकेत बाजारात आला. त्वचेच्या कोशिकांची वाढ मंदावल्यामुळे या नव्या औषधांचा गुण येतो, असा समज दृढ झाला. कवकांची वाढ हे कोंड्याचे कारण नसून परिणाम आहे, असे प्रतिपादन लेडन, मॅकगिन्ली व क्लिगमन यांनी १९७६ मध्ये केले.

कीटोकोनॅझोल या कवकनाशकाने वादाला कलाटणी दिली. कवकावर कार्य करणाऱ्या या औषधानेही कोंडा कमी होतो, असे दिसून आले. निरनिराळ्या गुणकारी औषधांतील समान धर्म कवकविरोध हाच आहे, हे ब्रिटिश त्वचारोगतज्ञ सॅम शुस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवून मालासे यांचे मत पुन्हा प्रतिष्ठित केले. मा. ग्लोबोसा या जातीचा जीनोम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला; तीत वसाम्ले तयार करण्याची क्षमता नसल्याचे त्यावरून दिसले. हे कवक त्वचेवरील तेलकट स्रावाचे विघटन करते; त्यातून मुक्त झालेल्या ओलेइक अम्लासारख्या वसाम्लांमुळे, तशी प्रवणता असलेल्या व्यक्तींत, त्वचेचा दाह होऊन खवले सुटतात.

यावरून उपचाराची मर्यादाही स्पष्ट होते. कवक त्वचेवर कायमचे वसतीस असल्याने कोंडा आटोक्यात येतो, समूळ जात नाही. उपचार थांबविल्यास तो सामान्यतः परत येतो. औषध कार्य करण्यासाठी फेस ३ ते ५ मिनिटे डोक्यावर राहू द्यावा लागतो. आपल्याकडे कोंड्यावर तेल चोळण्याची प्रथा आहे. तेलाने खवले मऊ होऊन कमी दिसतात, तथापि कवक नष्ट होत नाही.

औषधांची पारख पुढेही चालू राहिली. यकृतास होणाऱ्या अपायामुळे २०१३ मध्ये कीटोकोनॅझोलाच्या गोळ्यांवर अमेरिकेत व यूरोपात कडक निर्बंध आले. शाम्पूतील औषध मात्र त्वचेतून अत्यल्प शोषले जाते. यूरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांतील झिंक पायरिथिओनाच्या वापरावर २०२२ मध्ये बंदी घातली. चट्टे जाड झाल्यास, केस गळून पडल्यास किंवा काही आठवड्यांत गुण न आल्यास त्वचारोगतज्ञाकडून निदान करून घेणे आवश्यक असते, कारण सोरायसिस व गजकर्ण हे विकारही आरंभी कोंड्यासारखेच दिसू शकतात.