अंधांसाठी आणि अंधांची

संस्थेच्या पाटीवरचे नाव नीट वाचून घ्यावे, ही सवय आम्हां कामगार चळवळीतील माणसांना फार वर्षांपासून लागली आहे. कामगारांची संघटना आणि कामगारांसाठी मालकाने काढलेली कल्याण समिती ह्यांतला भेद कागदावर एका प्रत्ययाएवढाच दिसतो. पण त्या प्रत्ययापायी संप झालेले आहेत. पुण्यातील अंधांच्या शिक्षणाचा व रोजगाराचा इतिहास पाहू गेल्यास तेथेही हाच भेद आढळतो. १९३४ साली डॉ. माचवे यांनी येथे जी संस्था काढली तिचे नाव ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’; म्हणजे अंधांसाठी शाळा आणि निवारा. १९५२ साली ह्याच शहरात दुसरी संस्था निघाली, ती ‘पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन’. म्हणजे अंधांची सभा. अठरा वर्षांत ‘साठी’च्या शेजारी ‘ची’ येऊन उभी राहिली. पहिली संस्था कमी मोलाची होती, असे आम्ही म्हणत नाही. शाळाच नसती तर सभेला माणसे कोठून मिळाली असती?

अंध मुलाला शिकविता येते ही कल्पनाच मुळी आपल्याकडे उशिरा रुजली. त्याच्या वाट्याला देवळाची पायरी, आणि गळा बरा असला तर भजनातली पेटी. देशातील पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. आपल्या मुलखात मिस ॲना मिलार्ड ह्या मिशनरी बाईंनी १९०० मध्ये, दुष्काळाच्या त्या वाईट दिवसांत, मुंबईस शाळा सुरू केली. १९०२ मध्ये तेथेच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. तिच्या प्रारंभीच्या काळातील मुख्याध्यापक डॉ. नीलकंठराय छत्रपती स्वतः अंध होते. पुण्याला त्यानंतर तीस वर्षांवर वाट पाहावी लागली. विद्येच्या माहेरघराचा आपण अभिमान वाहतो, तो वाहताना हा हिशेबही ध्यानात असावा.

ह्या शाळांत शिकविली जाणारी ब्रेल लिपी कारागिराच्या घरात जन्मली, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. लुई ब्रेल हा फ्रान्समधील एका खोगीर करणाऱ्याचा मुलगा. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात हत्यार लागून त्याचा डोळा गेला, मागाहून दुसराही गेला. त्याने १८२९ साली जी लिपी प्रसिद्ध केली ती लिहिण्यास लागते तीही टोचणीच. कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे टोचीत जायचे. मग कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचे. सहा ठिपके आणि त्यांच्या ६३ जुळण्या, एवढीच सारी सामग्री. परंतु आपल्या देशात हिच्याही अनेक तऱ्हा झाल्या. एका शाळेतील मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक परके वाटे. १९५१ साली भारती ब्रेल मान्य झाली, तेव्हा कोठे मराठीलाही एक ठरलेली स्पर्शलिपी मिळाली.

अक्षर मिळाले, भाकरीचे काय? दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनला केंद्र निघाले. त्याचे प्रमुख सर क्लूथा मॅकेन्झी हे स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत आंधळे झालेले गृहस्थ. त्या सुमारास अंधांना शिकविण्याचे धंदे ठरून गेल्यासारखे होते: वेताच्या खुर्च्या विणणे, टोपल्या, खडू, मेणबत्त्या. काम प्रामाणिक होते, मोबदला मात्र बहुधा दयेचा. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातील २६ व्या कलमाने तर सरकारला अशी मुभा दिली होती की अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू नाही असे ठरविता यावे. ज्या कायद्यासाठी आम्ही लोकांनी घसा कोरडा केला, त्याच्याच पोटात ही खिडकी उघडी होती!

इंग्लंडातील अंध कामगारांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधले होते. त्यांनी १८९९ साली स्वतःची कामगार संघटना बांधली, आणि १९२० च्या एप्रिलात लीड्स, मँचेस्टर व न्यूपोर्टहून लंडनवर पायी मोर्चा नेला. घोषणा अशी, की न्याय हवा, दान नको. त्याच वर्षी तेथे अंधांविषयीचा कायदा झाला.

आपल्याकडे १९५२ साली मुंबईस ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ निघाली होती. १९७० साली ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ आली. पुन्हा तोच प्रत्यय. १९७७ साली केंद्र सरकारच्या तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या नोकऱ्यांत अंधांसाठी एक टक्का जागा राखल्या गेल्या. १६ मार्च १९८० रोजी नोकरी मागणाऱ्या अंधांच्या मोर्चावर दिल्लीत पोलिसांनी लाठ्या चालविल्या. लाठी उगारलेली ज्याला दिसत नाही, त्याला ती चुकवावी तरी कशी? १९९३ साली फेडरेशनने सर्वोच्च न्यायालयातून सनदी परीक्षेचे दार उघडून घेतले; १९९५ साली कायदा आला; आणि एक टक्का कशाचा मोजायचा एवढ्यासाठी २०१३ पर्यंत भांडावे लागले. २०१६ चा नवा कायदा झाला तरी अंधांचा वाटा त्या एका टक्क्यावरच राहिला.

पुण्यात काय झाले? असोसिएशनने अंध तरुणांना तांत्रिक शिक्षण दिले, आणि पुढे हडपसरच्या बाजूस डोळ्यांचे रुग्णालय उभारले. ज्यांची दृष्टी वाचू शकते त्यांच्यासाठी अंधांच्या सभेने केलेले हे काम पाहण्यासारखे आहे. अठरा वर्षे पुरी होऊन शाळेबाहेर पडलेल्या मुलामुलींचा प्रश्न मीरा बडवे यांच्या ‘निवांत’ने १९९६ पासून हाती घेतला. मध्यंतरी टेलिफोनच्या बूथने पुष्कळांचा चरितार्थ चालविला. मग खिशाखिशात मोबाइल आला आणि बूथ बसले, जशा प्लास्टिकच्या खुर्च्यांनी वेताच्या खुर्च्या बसविल्या होत्या. आता बोलणाऱ्या संगणकावर अंध तरुण बँकेत काम करतात.

आणि जे कारखान्यात आंधळे होतात त्यांचे? पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात ग्राइंडिंगचा कण वा ॲसिडचा शिंतोडा नवा नाही. सेवेत असता अपंगत्व आले तर नोकरी न जाण्याचे जे संरक्षण २०१६ च्या कायद्यात आहे ते सरकारी आस्थापनेपुरतेच. खाजगी कारखान्यातल्या माणसाच्या नुकसानभरपाईसाठी आम्ही १९२३ च्या कायद्याचे परिशिष्ट उघडीत आलो. त्यात एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची शक्ती तीस टक्के घटली असे धरले आहे, आणि ज्या कामाला डोळे लागतात असे कोणतेही काम करता येऊ नये इतकी दृष्टी गेल्यास शंभर टक्के. डोळ्यांवाचून होणारे काम त्या हिशेबात कोठेच नाही.