ऋणाइत कादंबरीकार : फ्योदोर दोस्तोव्हस्की

दारिद्र्य आणि संकटे यांच्या भट्टीतून निघाल्याखेरीज प्रतिभेला तेज चढत नाही, असे एक मत आपल्याकडे बहुतेक सर्वमान्य झालेले आहे. मुलांकडून निबंध लिहवून घेताना मीही हा विचार अनेकदा फळ्यावर मांडला आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्की याचे नाव सांगितले आहे. मृत्युदंड, सक्तमजुरी, अपस्मार, कर्ज आणि जुगार या सर्वांतून जाऊन ज्याने 'करामाझोव्ह बंधू' लिहिली, त्याच्याहून अधिक चांगला दाखला कोणता मिळणार? परंतु त्याचे चरित्र आणि त्याच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणी सावकाशीने वाचल्यावर मला माझा हा दाखला संशयास्पद वाटू लागला. त्याच्या आयुष्यातील ऋणाचा हिशेब नीट मांडला, तर उत्तर वेगळे येते. तो हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. (लेखातील तारखा त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे आहेत. ते पंचांग आजच्या आपल्या दिनदर्शिकेच्या १२ दिवस मागे होते.)

फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोव्हस्की याचा जन्म ३० ऑक्टोबर १८२१ रोजी मॉस्को येथे झाला. वडील गरिबांसाठी असलेल्या रुग्णालयात डॉक्टर होते व कुटुंब त्याच आवारात राहत असे. १८३७ मध्ये आई क्षयाने वारली, आणि पुढे वडिलांनी मुलाला पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात घातले. तेथील शिक्षण त्याने पुरे केले, नोकरीही धरली. पण १८४४ मध्ये ती सोडून लेखणीवर जगावयाचे ठरविले. 'गरीब माणसे' ही त्याची पहिली कादंबरी हस्तलिखितात असतानाच ग्रिगोरोविच व नेक्रासोव्ह या दोघा लेखकमित्रांनी रात्रभर जागून वाचून काढली, आणि पहाटे चार वाजता ते त्याच्या दारात उभे राहिले. त्या काळचा श्रेष्ठ टीकाकार बेलिन्स्की याने तिची मुक्तकंठाने स्तुती केली. १८४६ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कथेने मात्र वाचकांची निराशा केली, आणि हे कौतुक जसे आले तसेच ओसरले.

यानंतर जे घडले त्याने त्याच्या आयुष्याचे दोन भाग पाडले. पेत्राशेव्हस्की नावाच्या गृहस्थाकडे शुक्रवारी तरुण मंडळी जमत व भूदासांची मुक्तता, मुद्रणस्वातंत्र्य अशा विषयांवर चर्चा करीत. दोस्तोव्हस्कीही तेथे जाई. बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेले एक निषिद्ध पत्र त्याने तेथे मोठ्याने वाचून दाखविले, हा त्याच्यावरील मुख्य आरोपांपैकी एक होता. एप्रिल १८४९ मध्ये त्याला अटक झाली. आठ महिने किल्ल्यातील कोठडीत काढल्यावर २२ डिसेंबर रोजी त्याला व त्याच्या सोबत्यांना सेम्योनोव्हस्की चौकात आणण्यात आले. मृत्युदंडाचा हुकूम वाचला गेला, अंगावर पांढरे सदरे चढविण्यात आले. पहिल्या तिघांना खांबांना बांधले. दोस्तोव्हस्की पुढच्या तिघांत होता. बंदुका रोखल्या गेल्या आणि त्याच वेळी नगारे वाजले. बादशहा पहिला निकोलस याने प्राणदान दिल्याचे जाहीर झाले. हा सारा देखावा आधीच ठरलेला होता. खांबाला बांधलेल्यांपैकी एकाची बुद्धी त्यानंतर कायमची ढळली.

त्याच दिवशी दोस्तोव्हस्कीने आपला भाऊ मिखाइल याला पत्र लिहिले. आजवर किती काळ चुकांत आणि आळसात वाया घालविला याची खंत त्यात आहे. पण त्याहून अधिक आहे तो जिवंत असल्याचा आनंद. माझ्या मते त्याच्या ऋणाचे खाते येथून सुरू होते. हे पैशाचे ऋण नव्हे. परत मिळालेल्या आयुष्याचे ऋण होय. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी 'इडियट' या कादंबरीत त्याने हाच प्रसंग एका पात्राच्या तोंडून सांगितला. मृत्यूला पाच मिनिटे उरलेला माणूस मनाशी म्हणतो की जगलो तर प्रत्येक क्षण मोजून वापरीन. मग तो माणूस वाचल्यावर तसा जगला काय, असे विचारताच उत्तर येते : नाही, पुष्कळ क्षण त्याने वायाच घालविले. स्वतःविषयी इतके निर्दय सत्य लिहिणारे लेखक थोडेच.

चार वर्षे ओम्स्क येथे पायांत बेड्या घालून सक्तमजुरी आणि त्यानंतर सैबेरियातच साध्या शिपायाची चाकरी, अशी शिक्षा त्याने भोगली. वाटेत तोबोल्स्क येथे जुन्या राजबंद्यांच्या पत्नींनी दिलेला 'नवा करार' हा त्याचा तुरुंगातील एकमेव ग्रंथ होता. खुनी, चोर, दरवडेखोर यांच्या सहवासात त्याने माणूस वाचला, आणि 'मृतगृहाच्या आठवणी' या पुस्तकात तो मांडला. १८५९ च्या अखेरीस तो राजधानीत परतला. बरोबर पत्नी होती, सावत्र मुलगा होता आणि वाढत चाललेला अपस्मार होता.

येथून पैशाच्या ऋणाची कहाणी सुरू होते. १८५९ मध्ये त्याने भावाला लिहिले की मोठ्या जमीनदारीचा धनी असलेल्या तुर्गेन्येव्हला मासिकवाले एका फर्म्यास ४०० रुबल देतात, आणि गरजू असलेल्या मला मात्र १०० वर समाधान मानावे लागते. या तक्रारीत मत्सर थोडा, वस्तुस्थिती अधिक आहे. ज्याला लिहिण्यापूर्वीच उचल घ्यावी लागते, त्याला भाव ठरविता येत नाही. भावाच्या सहकार्याने काढलेले 'व्रेम्या' हे मासिक चांगले चालू लागले होते. पण पोलंडविषयीच्या एका लेखामुळे १८६३ मध्ये सरकारने ते बंद केले. १८६४ च्या एप्रिलमध्ये पत्नी गेली, जुलैमध्ये भाऊ गेला. भावाची देणी, त्याचे कुटुंब आणि नव्या मासिकाचा बोजा हे सारे दोस्तोव्हस्कीने आपण होऊन स्वतःच्या डोक्यावर घेतले. कायद्याने त्याच्यावर तशी सक्ती नव्हती.

त्यात जुगाराची भर पडली. १८६५ मध्ये जर्मनीतील वीसबाडेन येथे तो सर्व काही हरला. हॉटेलवाल्याने जेवण देण्याचे नाकारले. केवळ चहा मिळे. त्याने तुर्गेन्येव्हकडे १०० थालर मागितले, त्याने ५० पाठविले. याच मुक्कामातून त्याने एका मासिकाच्या संपादकाला एका खुनी विद्यार्थ्याच्या कथेची रूपरेषा कळविली व आगाऊ पैसे मागितले. ती कथा म्हणजे 'गुन्हा आणि शिक्षा'. येथे 'पाहा, दारिद्र्यातूनच कलाकृती जन्मली' असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच कादंबरीचा पुष्कळसा मजकूर त्याने मनाजोगता न वाटल्यामुळे नोव्हेंबर १८६५ मध्ये जाळून टाकला व नव्याने आरंभ केला, हे विसरता कामा नये. भुकेने कादंबरीची मागणी केली खरी. कादंबरी लिहिली ती कलावंताच्या सदसद्विवेकाने.

याच सुमारास स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने एक घातक करार केला होता. ३००० रुबलच्या मोबदल्यात सर्व ग्रंथांची आवृत्ती काढण्याचा हक्क, आणि शिवाय १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी. मुदत चुकल्यास पुढील नऊ वर्षे त्याचे सारे लेखन फुकट छापण्याचा अधिकार प्रकाशकाला मिळावयाचा होता. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ लिहिली नव्हती. मिल्युकोव्ह या मित्राने सुचविले की आपण काही मित्र मिळून एकेक भाग लिहून देऊ. दोस्तोव्हस्कीने नकार दिला. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालणे त्याला मान्य नव्हते. मग लघुलेखनाच्या वर्गातील एक वीस वर्षांची विद्यार्थिनी, आन्ना ग्रिगोर्येव्ना स्नित्किना, ४ ऑक्टोबर रोजी त्याच्या घरी आली. सव्वीस दिवसांत 'जुगारी' ही कादंबरी पुरी झाली. हस्तलिखित घेऊन तो गेला तर प्रकाशक गावाबाहेर निघून गेलेला आणि कचेरीतील माणूस ते स्वीकारावयास तयार नाही! अखेर त्याने ते पोलीस ठाण्यात देऊन तारखेची पावती घेतली आणि आपले ग्रंथ वाचविले.

फेब्रुवारी १८६७ मध्ये दोघांचा विवाह झाला. सावकारांच्या भीतीने ती दोघे चार वर्षे परदेशात राहिली. तेथे आन्नाचे दागिने गहाण पडले, जिनीव्हात पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली, आणि रूलेटचा नाद १८७१ मध्ये कायमचा सुटला. त्या वर्षी परत आल्यावर एका सावकाराने कैदेची धमकी दिली. आन्नाने शांतपणे त्याला समजावले : कर्जदार तुरुंगात बसला तर लिहिणार नाही, आणि न लिहिल्यास तुम्हाला छदामही मिळणार नाही, उलट कैद्याच्या पोटाचा खर्च मात्र तुमच्यावर पडेल. सावकार हप्त्यांना कबूल झाला. १८७३ पासून तिने पतीची पुस्तके स्वतः छापून घरातून विकावयास सुरुवात केली; पहिल्याच दिवशी शंभरावर प्रती खपल्या. पतीच्या मृत्यूपूर्वी सुमारे एक वर्ष बहुतेक सारे कर्ज फिटले.

आता हिशेबाची शेवटची रकम पाहावी. त्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रौढ कृती कोणत्या काळातील? पळापळीच्या नव्हे, घडी बसल्यानंतरच्या. स्ताराया रूसा या लहानशा गावात १८७६ मध्ये घेतलेले घर, रात्री टिपणे, दिवसा आन्नाला मजकूर सांगणे, असा क्रम चालू असता 'करामाझोव्ह बंधू' लिहिली गेली. दुःख तेव्हाही होते. मे १८७८ मध्ये तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा आपल्या पित्याच्याच रोगाने गेला. कादंबरीतील मठात येऊन मुलासाठी आक्रोश करणाऱ्या शेतकरी स्त्रीत आन्नाला स्वतःचा शोक दिसला. पण हे दुःख शब्दांत उतरवावयास आता अवसर होता. १८७९ च्या अखेरीस कादंबरी ठरलेल्या वेळी पुरी होत नाही असे दिसताच लेखकाने मासिकात पत्र छापून विलंबाची जबाबदारी स्वतःवर घेतली. मुदतीसाठी एकेकाळी पोलीस ठाणे गाठणारा माणूस आता वाचकांकडे उघडपणे वेळ मागत होता.

तो निर्दोष होता असे मुळीच नव्हे. 'लेखकाची रोजनिशी' या त्याच्या नियतकालिकात ज्यू व पोल लोकांविषयी जे लेखन आहे, ते त्याच्याच करुणेच्या शिकवणीशी विसंगत आहे. माणसाच्या अंतःकरणाचा तळ पाहणाऱ्यालाही काही दारे उघडता आली नाहीत, हे नमूद केलेच पाहिजे.

२८ जानेवारी १८८१ रोजी त्याचे निधन झाले. हजारो लोक अंत्ययात्रेला लोटले. आन्ना त्यानंतर सदतीस वर्षे त्याचे ग्रंथ व कागदपत्रे सांभाळीत जगली आणि १९१८ मध्ये याल्टा येथे वारली.

दारिद्र्याने दोस्तोव्हस्की घडविला असे मी आता मुलांना सांगत नाही. दारिद्र्याने त्याच्याकडून जे हिरावून नेले त्याची मोजदाद कोणालाच करता येणार नाही. संकटे त्याला विषय देऊन गेली. ग्रंथ मात्र उभे राहिले ते देणे फेडलेच पाहिजे या त्याच्या हट्टामुळे, आणि कोणीतरी शेजारी बसून त्याचा शब्दन् शब्द टिपून घेतल्यामुळे. वर्गातील एखादा गरीब हुशार मुलगा पाहून 'हा अडचणीतूनच वर येईल' असे म्हणत आपण शिक्षक मंडळी निश्चिंत होतो. त्या वेळी सव्वीस दिवस रोज येऊन लिहून घेणारी ती मुलगी आठवावी, आणि आपली लेखणी घेऊन त्याच्याजवळ बसावे.