विज्ञानशिक्षकांचे प्रशिक्षण, नाशिक जिल्ह्यातील

विज्ञान व तंत्रविद्या यांचे शिक्षण समाजाच्या सर्व थरांतील मुलामुलींना समान रीतीने मिळावे, यासाठी शिक्षकांची करण्यात येणारी व्यावसायिक तयारी. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस भारतीय शिक्षण आयोगाने (१९६४–६६) केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. विषय अनिवार्य करणे शासनाला आदेशाने साधते. तो शिकविणारा शिक्षक मात्र घडवावा लागतो.

नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, कळवण इ. तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या जमातींची वस्ती मोठी आहे. तेथील अनेक मुलांची घरची बोली प्रमाण मराठीहून भिन्न असल्याने पाठ्यपुस्तकांतील संस्कृतप्रचुर परिभाषा त्यांना दुहेरी परकी ठरते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) महापालिकेच्या मराठी शाळांत केलेल्या अभ्यासात, भाषा सुलभ केल्यास विद्यार्थ्यांचे विज्ञानातील आकलन सुधारते, असे आढळले. ज्याला मंदबुद्धी समजले जाते, तो विद्यार्थी पुष्कळदा भाषेशी अडलेला असतो, ही जाणीव शिक्षकाला प्रशिक्षणातच व्हावी लागते.

नियमित अध्यापक महाविद्यालयासाठी गाव व वेतन दोन्ही सोडावे लागत असल्याने सेवेतील अप्रशिक्षित शिक्षक, विशेषतः विवाहित शिक्षिका, या सोयीपासून दूर राहत. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाद्वारे शिक्षणशास्त्र पदवीचा (बी.एड्.) मराठी अभ्यासक्रम सुरू करून ही अडचण कमी केली. राम ताकवले हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. स्वयं-अध्ययनाची पुस्तके व संपर्कसत्रे यांच्या साहाय्याने शिक्षकाला नोकरी न सोडता शिकता येऊ लागले, तसेच शिकलेले आपल्याच वर्गात पडताळून पाहता येऊ लागले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रयोगाचे कौशल्य केवळ वाचनाने येत नाही. त्यासाठी उपकरणे व प्रत्यक्ष मार्गदर्शन लागते. शिवाय उपकरणे मुलांनी हाताळावीत आणि मुलींनी नोंदी कराव्यात, ही वर्गातील रूढ विभागणी शिक्षकाने जाणीवपूर्वक मोडल्याखेरीज मोडत नाही. पदवीधारक शिक्षकांची संख्या वाढणे ही समतेची पहिली पायरी होय. तिची खरी कसोटी प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या हाती प्रयोग येण्यात आहे.